अर्ध्या मिनिटाचं कार्ड, सहाशे वर्षांचा हिशेब

मतदान केंद्रातलं पहिलं टेबल. तिथला अधिकारी हात पुढे करतो, आपण कार्ड देतो. तो एकदा कार्डाकडे बघतो, एकदा यादीकडे, एकदा आपल्या तोंडाकडे. मग नाव मोठ्यानं उच्चारतो, बाजूला बसलेले पक्षांचे पोलिंग एजंट आपापल्या यादीवर खूण करतात आणि आपण शाईच्या टेबलाकडे सरकतो. किती वेळ गेला? फार तर अर्धं मिनिट. या अर्ध्या मिनिटाला आज देशाच्या आकारानं गुणून बघू. पदर खोचा, बाह्या सरसावा, कारण शून्यं मोजताना बोट घसरणार आहे.

सुरुवात मतदारांपासून. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर देशाच्या मतदार यादीत जवळजवळ ९७ कोटी नावं होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला मतदान करणाऱ्या आपल्या राज्याची यादी साडेनऊ कोटींच्या पुढची. म्हणजे असे दहा महाराष्ट्र एका रांगेत उभे करा, तेव्हा कुठे ही यादी भरते. एका सेकंदाला एक या वेगानं ही नावं वाचायला बसलात, जेवण नाही, झोप नाही, चहाला उठणंसुद्धा नाही, तर शेवटच्या नावापर्यंत पोचायला ३० वर्षं आणि वर नऊ महिने लागतील. आज जन्मलेलं बाळ तोवर तिशी ओलांडेल. तुम्ही वाचत असतानाच ते अठराचं होऊन यादीत शिरेल आणि तुम्हाला आणखी एक नाव वाचावं लागेल!

ही माणसं लोकलमध्ये बसवायची झाली तर? बारा डब्यांची गाडी, गर्दीची वेळ, दारात लोंबकळणारे धरून एका गाडीत पाच हजार माणसं मानू. एक लाख ९४ हजार गाड्या लागतील. दर मिनिटाला एक गाडी सोडायची, मध्ये मेगाब्लॉक नाही, पावसाचं पाणी रुळांवर नाही. तरी शेवटची गाडी सुटायला साडेचार महिने.

आता प्रत्येकाच्या हातात मतदार ओळखपत्र द्या. आजकाल हे कार्ड एटीएम कार्डासारखं प्लास्टिकचं मिळतं. साडेआठ सेंटिमीटरहून जरा लांब, साडेपाचच्या आत रुंद, पाऊण मिलिमीटर जाड, वजन पाच ग्रॅमच्या आसपास. खिशात असलं तरी जाणवत नाही. सगळ्यांची कार्डं याच मापाची धरू आणि ती शिवाजी पार्कवर पसरायला घेऊ. एक शिवाजी पार्क भरलं, दोन भरली, दहा भरली, थांबायचं नाव नाही. चाळीस शिवाजी पार्क लागतात! आता तीच कार्डं उचलून एकावर एक रचा. ढीग ७३७ किलोमीटर उंच होतो, म्हणजे साडेचारशे कळसूबाई एकमेकींच्या डोक्यावर उभ्या. पृथ्वीभोवती फिरणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण चारशे किलोमीटर उंचीवर आहे, ते या ढिगाच्या पोटातून जाईल.

ढीग पाडा आणि कार्डाला कार्ड लावून लांबच लांब ओळ करा. ओळ ८३ हजार किलोमीटरची होते. रेल्वेमार्गानं मुंबई-पुणे अंतर १९२ किलोमीटर. डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून निघते, संध्याकाळी मुंबईहून परत फिरते. तिनं रोजच्या जाण्यायेण्यात या कार्डांवरूनच धावायचं ठरवलं तर २१६ दिवस रोज नव्या कार्डांवरून धावेल. एक जानेवारीला निघाली तर ओळ संपायला ऑगस्ट उजाडेल. आणि हे सगळं वजनात फक्त ४,८५० टन. दहा-दहा टनांचे ४८५ ट्रक पुरले. एका राष्ट्राची ओळख पाचशे ट्रकांत मावते, हे मला त्या ७३७ किलोमीटरांपेक्षाही अजब वाटतं.

पण हे कार्ड आपल्याकडे कायम होतं असं समजू नका. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते आणि फोटोचं ओळखपत्र एकाकडेही नव्हतं. तेव्हा अडलं होतं त्याच्याही आधीच्या पायरीवर, चक्क नावावर. यादी करणारे दारात आले की बाई म्हणायची, मी अमक्याची बायको, तमक्याची आई. स्वतःचं नाव परक्या पुरुषाला सांगायचं नाही, ही रीत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की असलं नाव यादीत चालणार नाही. परिणाम? सुमारे २८ लाख स्त्रियांनी नाव सांगितलं नाही आणि त्यांची नोंद गळली. २८ लाख! आज अख्ख्या गोव्यात जेवढे मतदार आहेत, त्यांच्या दुपटीहून जास्त बायका एकाच फटक्यात यादीबाहेर. निर्णय कडक होता, पण मला तो योग्यच वाटतो. ‘अमक्याची बायको’ या नावाखाली कोणीही येऊन मत देऊन गेलं असतं.

फोटोचा पहिला मोठा प्रयोग १९६० मध्ये कलकत्त्यात झाला, तिथल्या एका लोकसभा पोटनिवडणुकीच्या निमित्तानं. मतदार साधारण ३ लाख ४२ हजार. दहा महिने खटपट केली. अनेक स्त्रियांनी फोटो काढून घ्यायला नकार दिला, कित्येक लोक घरी सापडलेच नाहीत. अखेर जेमतेम २ लाख १० हजार लोकांना कार्ड मिळालं आणि निवडणूक आयोगानं हात टेकले. महिन्याला २१ हजार कार्डं हा त्यांचा वेग. त्याच वेगानं आजच्या ९७ कोटींना कार्ड द्यायचं तर किती काळ लागेल? बसा खाली. तीन हजार ८५० वर्षं! म्हणजे काम आज संपवायचं तर सुरुवात कधी करायला हवी होती, तर प्रवरेकाठी दायमाबादला ताम्रपाषाण युगातली माणसं चाकावर मडकी घडवत होती तेव्हा.

मग आले मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन. ऑगस्ट १९९३ मध्ये त्यांनी फोटो ओळखपत्राचा आदेश काढला आणि १ जानेवारी १९९५ नंतर कार्डाशिवाय निवडणूकच घेणार नाही अशी तंबी दिली. मुदत अर्थातच पाळली गेली नाही, प्रकरण कोर्टात गेलं, सरकारं कुरकुरली. पण गाडं हललं ते हललंच. गावोगावच्या शाळांत पांढरा पडदा टांगून फोटो निघाले. त्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत आपण कसे दिसत होतो हा विषय इथे नको, पण ज्यांच्याकडे ती जुनी कार्डं आहेत ते लोक ती कोणाला दाखवत नाहीत.

कार्डावरचा नंबर नीट बघितला आहे का? नव्या पद्धतीत तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. दिसायला एवढंसं, पण पोटात केवढं मावतं बघा. सव्वीस अक्षरं तीन जागी, म्हणजे १७,५७६ त्रिकुटं. प्रत्येक त्रिकुटापुढे एक कोटी आकडे. गुणाकार १७,५७६ कोटी! दर मतदाराला १८१ नंबर वाटले तरी उरतील. (शेवटचा आकडा पडताळणीचा असतो वगैरे बारकावे तज्ज्ञांना सोडून देऊ.) आणि इतकी रिकामी घरं असतानाही एकाच घरात दोन भाडेकरू निघाले. २०२५ मध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या मतदारांचा नंबर तोच असल्याची उदाहरणं पुढे आली तेव्हा आयोगानं सांगितलं की पूर्वी राज्यं आपापल्या हातानं नंबर देत, त्यातून ही पुनरुक्ती झाली आणि अशांना नवे नंबर मिळतील. १७ हजार कोटी जागा आणि तरी टक्कर! माणसाच्या हाताची कमाल याहून दुसरी नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. कार्ड हरवलं, घर बदलताना गेलं, उंदरानं कुरतडलं. मत गेलं का? नाही. लोकसभा आणि विधानसभेला २०२४ मध्ये आयोगानं आणखी बारा कागद चालवून घेतले. मोजा बोटांवर: आधार कार्ड, मनरेगाचं जॉब कार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, कामगार मंत्रालयाच्या योजनेतलं आरोग्य विम्याचं स्मार्ट कार्ड, गाडी चालवण्याचं लायसन्स, पॅन कार्ड, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीतलं स्मार्ट कार्ड, भारतीय पासपोर्ट, फोटो असलेला पेन्शनचा कागद, सरकारी नोकरीतलं किंवा सार्वजनिक उपक्रम वा पब्लिक लिमिटेड कंपनीतलं फोटोचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, आणि खासदार-आमदारांचं अधिकृत ओळखपत्र.

ही यादी वरवर एका मापाची वाटते, पण तिच्यात हत्ती आणि मुंगी शेजारी बसले आहेत. खासदार-आमदार किती? लोकसभा ५४३, राज्यसभा २४५, सगळ्या विधानसभा मिळून चार हजारांवर, वर विधान परिषदा. बेरीज सव्वापाच हजारांच्या थोडी पुढे. म्हणजे भारताची सगळी निवडून आलेली विधिमंडळं आणि संसद, जरा दाटीवाटी केली तर, सकाळच्या एका विरार लोकलमध्ये बसतात! (बसतात म्हणजे उभी राहतात.) आणि त्याच यादीत पहिल्या ओळीला आधार, २०२४ मध्ये तब्बल १३८ कोटींच्या पुढे. पॅन तेव्हा सुमारे ७८ कोटी. या दोनच कार्डांची बेरीज २१६ कोटी होते. आधारमध्ये लहान पोरंही आहेत हे खरं, पण नुसत्या आकड्यानं बघा, दर मतदारामागे सव्वादोन कार्डं!

आधारची गोष्ट तर आपल्या अंगणातली. देशातली पहिली आधार कार्डं २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिली गेली. तिथून निघालेला आकडा एप्रिल २०१६ मध्ये शंभर कोटींवर पोचला. दोन हजार दिवसांच्या आसपासचा हा काळ. दिवसाला सरासरी पाच लाख माणसं, रात्र धरून दर सेकंदाला पावणेसहा! आता मघाचं कलकत्ता आठवा. तिथे दहा महिन्यांत जेवढ्यांची कार्डं झाली, तेवढ्यांना आधारच्या सरासरी वेगानं नंबर मिळायला दहा तास लागतात. दहा महिने आणि दहा तास. यंत्राच्या आत काय चालतं ते यंत्रवाल्यांना ठाऊक. आपण नुसतं बघायचं आणि आ वासायचा.

यादीत काय नाही, हेही कान देऊन ऐका, कारण लोक नेमके तेच घेऊन येतात. रेशन कार्ड नाही. खासगी क्लासचं ओळखपत्र नाही. आणि बीएलओ, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकारी, घरी आणून देतात ती मतदार चिठ्ठी? तिच्यावर यादीतला क्रमांक असतो, केंद्राचा पत्ता असतो, म्हणून ती जरूर न्या. पण २०१९ पासून नुसती चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. कार्डावरच्या नावात वेलांटी-उकाराची किंवा स्पेलिंगची किरकोळ चूक असेल तर घाबरू नका, माणूस तोच आहे हे पटलं की अशी चूक दुर्लक्षित करायची, असा आदेशच आहे. फोटो ओळखू येईनासा झाला असेल तर मात्र बारापैकी दुसरा कागद काढावा लागतो. कार्ड दुसऱ्या मतदारसंघात काढलेलं असलं तरी चालतं, फक्त तुम्ही उभे आहात त्या केंद्राच्या यादीत तुमचं नाव हवं. परदेशात राहून भारतीय नागरिकत्व टिकवलेले आणि परदेशस्थ मतदार म्हणून नोंदलेले जे आहेत, त्यांना पर्याय एकच, मूळ पासपोर्ट. दुबईहून मत द्यायला आलेल्या कोकणातल्या माणसाला आधार दाखवून भागत नाही. महापालिका आणि जिल्हा परिषदा राज्य निवडणूक आयोगाच्या हाती असतात, तिथला कागदांचा आदेश वेगळा निघतो, तेवढा बघून जायचा.

आणि तुमच्या नावावर दुसराच कोणी आला तर? पोलिंग एजंट तिथल्या तिथे आक्षेप घेऊ शकतो, केंद्राध्यक्षांकडे पैसे भरून. किती पैसे? दोन रुपये. १९६१ च्या नियमांतली ही रक्कम आजही तीच आहे. कटिंग चहा येत नाही त्यात, पण एखाद्याची ओळख पणाला लावता येते! आणि कोणी आधीच तुमचं मत देऊन गेला असेल, तर तुम्ही खरे आहात हे पटवून कागदाची मतपत्रिका मागता येते. तिला प्रदत्त मत म्हणतात. अशा वीस मतपत्रिका प्रत्येक केंद्रावर तयार ठेवतात. वीस म्हणजे काहीच नाही, असं वाटलं ना? २०२४ मध्ये देशात साडेदहा लाख केंद्रं होती. दोन कोटी दहा लाख मतपत्रिका झाल्या! साध्या कागदाएवढ्या जाड धरल्या तर ढीग दोन किलोमीटरचा, कळसूबाईच्याही वर चारशे-पाचशे मीटर. क्वचितच लागणाऱ्या कागदाची ही तयारी.

उलटा धक्काही घ्या. बोटाला लावायची शाई म्हैसूरच्या एकाच सरकारी कारखान्यातून येते. २०२४ साठी साडेसव्वीस लाखांच्या आसपास बाटल्या, खर्च सुमारे ५५ कोटी रुपये. डोळ्यांसमोर शाईचा समुद्र येतो. बाटली दहा मिलिलिटरची, म्हणजे सगळी मिळून साडेसव्वीस हजार लिटर. वीस फूट व्यासाच्या शेतातल्या विहिरीत ओता. पाणी, म्हणजे शाई, तळाशी तीन फूट चढते. एवढीच! अख्ख्या देशाची लोकशाही कमरेइतक्या विहिरीत.

आणि या साडेदहा लाख केंद्रांत एक केंद्र अरुणाचलातल्या मालोगामचं. मतदार एकच बाई. तिच्यासाठी कर्मचारी यंत्र घेऊन ३९ किलोमीटरच्या आसपास डोंगर तुडवत जातात. नियमानं तिथेही ओळखपत्र बघायचंच. एवढी पायपीट करून एकाच बाईसाठी पोचायचं आणि मग तिलाच विचारायचं, ताई, कार्ड?

आता ते अर्धं मिनिट बाहेर काढा. २०२४ मध्ये यंत्रावर मत देणारे ६४ कोटींच्या वर होते. प्रत्येकाची ओळख पटवायला अर्धं मिनिट. सगळं काम एकाच अधिकाऱ्याला दिलं तर? ६०८ वर्षं! त्यानं २०२४ मध्ये शेवटचं कार्ड परत करायचं, तर पहिलं कार्ड गुलबर्ग्याच्या गादीवर फिरोजशहा बहमनी बसलेला असताना हातात घ्यायला हवं होतं. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला तेव्हा दोनशेहून अधिक वर्षं बाकी होती. बहमनी गेले, निजामशाही आली नि गेली, स्वराज्य उभं राहिलं, पेशवाई बुडाली, इंग्रज आले आणि गेले, आणि हा गृहस्थ मान खाली घालून म्हणतोय, पुढचा.

आणि आता ही ६०८ वर्षं साडेदहा लाख टेबलांवर वाटा. एका टेबलावर सरासरी ६१० माणसं. वेळ? पाच तास पाच मिनिटं! सहा शतकं दुपारच्या जेवणाआधी संपतात. माझ्या मते या देशानं केलेला हा सगळ्यात मोठा भागाकार आहे.

पण भागाकार नाजूक आहे. आपण टेबलाशी पोचल्यावर पिशवी उघडली, पिशवीतून पाकीट, पाकिटातून प्लास्टिकची थैली, थैलीतून आधी विजेचं बिल, मग देवाचा फोटो, मग आधार. एक मिनिट जास्त गेलं, काय बिघडलं? ६४ कोटी जणांनी एकेक मिनिट जास्त घेतलं तर १,२१७ वर्षं वाढतात. मागे मोजत गेलात तर थेट राष्ट्रकूटांच्या राज्यात पोचाल, वेरूळचं कैलास लेणं कोरून झालं त्याच्या पुढच्या पिढीत. एकाच केंद्राचं बघायचं तर ६१० जणांचे दहा तास दहा मिनिटं जास्त, आधीच्या पाच तासांवर, एकूण पंधरा तासांच्या वर. आणि मतदानाचा दिवस सकाळी सात ते संध्याकाळी सहा, अकरा तासांचा. गणित बसत नाही! उन्हातली ती लांबलचक रांग बऱ्याचदा आपल्याच पाकिटात तयार झालेली असते.

तेव्हा पुढच्या वेळी दोनच कामं करा. निवडणूक जाहीर होण्याच्या आधीच यादीत नाव आहे का ते बघा, कारण तेराच्या तेरा कागद खिशात असले आणि नाव यादीत नसलं तर मत देता येत नाही. १९५० हा मतदारांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, आयोगाच्या संकेतस्थळावरही नाव शोधता येतं. आणि रांगेत तुमच्या पुढे दोन माणसं उरली की कार्ड हातात काढून ठेवा.